जिल्हा रुग्णालयातलं केमोचं डे-केअर: आईच्या चौदा फेऱ्यांनंतर

आईची शेवटची केमो होऊन आता दहा महिने झाले. एकूण सोळा फेऱ्या होत्या. पहिल्या दोन मुंबईत परळला झाल्या आणि उरलेल्या चौदा आमच्या जिल्हा रुग्णालयाच्या डे-केअरमध्ये, म्हणजे सकाळी जाऊन केमो घ्यायची आणि त्याच दिवशी घरी. माझं तालुक्याच्या गावी सेवा केंद्र आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, आयुष्मान कार्ड, परीक्षांचे फॉर्म ही कामं दिवसभर चालतात. कार्ड काढायला येणाऱ्यांत महिन्याकाठी तिघं-चौघं तरी कॅन्सरचे असतात, आणि आईचं कळलेलं असतं म्हणून सगळे एकच विचारतात, "जिल्ह्याला केमो घेतली तर चालती का? का मुंबईलाच जावं लागतंय?" त्यांच्यासाठी हे एकदा सविस्तर लिहून ठेवतो.

रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. काही तक्रारी आहेत, आणि त्यांचा ताप ज्या दोन सिस्टरांनी आईला सांभाळलं त्यांनाच व्हायचा. मराठवाड्यातलं आहे एवढं पुरे. महाराष्ट्रात बऱ्याच जिल्ह्यांत आता ही सोय झाली आहे आणि माझ्याकडे येणाऱ्यांच्या बोलण्यावरून ती थोड्याफार फरकानं अशीच चालते.

उत्तर आधीच देतो. चालते. मोठ्या हॉस्पिटलच्या डॉक्टरनं औषधांचा आराखडा लिहून दिला असेल तर केमो बिनधास्त जिल्ह्याला घ्या. पाचपैकी चार तारे. एक का कापला ते पुढं येईल, आणि तो भाग नीट वाचा, कारण तिथं जीव जाऊ शकतो.

आजाराचं थोडक्यात सांगतो. आई ५७ वर्षांची. डाव्या स्तनात गाठ होती आणि ती तिला सात महिने माहीत होती. कापूस वेचायचे दिवस होते, मग ज्वारीची काढणी, मग मामाच्या पोरीचं लग्न. "मपली गाठ हाय, दुखत बी नाई, मग कशाला बोभाटा करायचा?" हे तिचं म्हणणं. न दुखणाऱ्या गाठीलाच जास्त भ्यायला पाहिजे हे आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. माझी बायको तिच्या पाठीला तेल लावत होती तेव्हा तिच्या नजरेला पडलं. गाठीवरची कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली होती, बोंड आत ओढलं गेलं होतं. बाजारातल्या एका डॉक्टरनं गाठ विरघळायच्या गोळ्या दिल्या, त्यात आणखी दोन महिने गेले. सुईची तपासणी झाली तोवर तिसरी स्टेज.

मग परळ. टाटा हॉस्पिटल १९४१ सालापासून तिथं उभं आहे आणि आजही निम्म्या देशाला कॅन्सरचा तोच एक पत्ता माहीत आहे. आईच्या पुढं-मागं रांगेत बिहारची, बंगालची, आसामची माणसं होती. एवढ्या गर्दीत तिथल्या डॉक्टरांनी आईला जितका वेळ दिला तितका आमच्याकडे फी घेऊनही कुणी दिला नव्हता. त्रास हॉस्पिटलचा नव्हता, वाटेचा होता. देवगिरी एक्स्प्रेसनं रात्री निघायचं, सकाळी दादरला उतरायचं. कॅन्सरच्या पेशंटला रेल्वेत स्लीपरचं तिकीट माफ असतं आणि सोबतच्या माणसालाही मोठी सवलत मिळते. त्यासाठी हॉस्पिटलचा दाखला लागतो, तो पहिल्याच भेटीत मागून घ्या. पण तिकीट वाचलं तरी बाकीचं वाचत नाही. धर्मशाळेत जागा मिळेपर्यंतच्या रात्री, दोघांची दोन वेळची जेवणं, टॅक्सी, इकडं दुकानाला कुलूप. दोन फेऱ्यांत ३८ हजार गेले. एक म्हैस विकली.

दुसऱ्या केमोनंतर परत येताना आई पूर्ण रात्र गाडीत संडासाच्या दारापाशी पटकूर टाकून बसली होती. बर्थवरून उठून तिथवर जायला उलटी वेळ देत नव्हती. येणारा-जाणारा तिला ओलांडून जायचा. मी शेजारी पाण्याची बाटली धरून उभा. जालन्याच्या आसपास ती म्हणाली, "हे दोन झाले तेवढे बास. दुसरी म्हैस इकून मुंबई बघायची नाई मला." घरी येऊन तिनं फाइल धान्याच्या कोठीमागं ठेवून दिली.

तिसऱ्या फेरीला तिला कसंबसं समजावून नेलं, आणि परळच्या तरुण डॉक्टरीणबाईंना हे सगळं सांगितलं. त्यांनी गाव विचारलं, जिल्हा विचारला आणि म्हणाल्या, "मग तिकडेच घ्या की. या औषधांना मुंबईचं पाणी लागत नाही." एका कागदावर त्यांनी औषधांची नावं, आईची उंची-वजन धरून काढलेलं प्रमाण, किती दिवसांनी कोणती फेरी, रक्ताचे आकडे किती असले तर द्यायची आणि कितीखाली थांबवायची, हे सगळं लिहून सही-शिक्का करून दिलं. ऑपरेशनसाठी परत परळला यायचं, मधली केमो जिल्ह्याला. तो कागद म्हणजे आईचा खरा उपचार. तुम्ही मोठ्या हॉस्पिटलमध्ये असाल तर तो मागा. आपणहून कुणी देईलच असं नाही, पण मागितला तर देतात.

औषध तेच असतं, ही शंका मनातून काढून टाका. आईला दिलेली दोन्ही मुख्य औषधं, डॉक्सोरुबिसिन आणि पॅक्लिटॅक्सेल, जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. जुनी, पारखलेली औषधं आहेत. जिल्ह्याला ती फुकट मिळाली.

आता डे-केअरची खोली. तळमजल्यावर, सहा खाटा, दोन पंखे, एक कूलर, भिंतीला हिरवा रंग. कोपऱ्यात काचेची पेटी आहे, तिच्यात हात घालून सिस्टर औषध मिसळतात, अंगात लांब बाह्यांचा गाऊन आणि हातात दोन-दोन हातमोजे. डॉक्टर आठवड्यातून दोनच दिवस पूर्णवेळ असतात, एरवी प्रशिक्षण घेतलेले मेडिकल ऑफिसर. पण खोली चालते ती सिस्टरांवर. दोघीही मुंबईला राहून केमो द्यायचं शिकून आलेल्या. त्यातल्या थोरल्या सिस्टर येणाऱ्या प्रत्येक बाईला "मावशी" म्हणतात आणि प्रत्येकीची शीर लक्षात ठेवतात.

शिरेचं सांगतो, कारण चार तारे मुख्यतः त्यावर आहेत. केमोनं शिरा कडक होतात, दोरीसारख्या लागतात आणि सुई घ्यायला नकार देतात. आईचे हात तर उन्हातान्हात काम करून आधीच राठ. तिसऱ्या फेरीला सिस्टर आल्या, आईचा उजवा हात मांडीवर घेतला, सलाइनची रिकामी बाटली कोमट पाण्यानं भरून ती मनगटापासून कोपरापर्यंत हळूहळू लोळवत बसल्या. पाच मिनिटं, सात मिनिटं. बाहेर नंबर लागलेले, तरी घाई नाही. डाव्या हाताला हात लावला नाही, कारण गाठ डावीकडं. मग दोन बोटांनी चाचपून एका जागी थांबल्या आणि म्हणाल्या, "ही बघा, लपून बसली होती." एका सुईत काम झालं. चौदा फेऱ्यांत दोनदाच दुसऱ्यांदा टोचावं लागलं. आई त्यांना पोरी म्हणायला लागली.

पहिल्या चार फेऱ्या लाल औषधाच्या असतात, दर तीन आठवड्यांनी. डॉक्सोरुबिसिन खरोखरच लालभडक असतं, पातळ केलेल्या कुंकवासारखं. सिस्टर ते मोठ्या सिरिंजमधून अगदी सावकाश सोडतात, बाजूनं सलाइन चालू ठेवून, आणि दर मिनिटाला विचारतात, "जळजळतंय का मावशी? चुरचुरलं तरी सांगायचं." ते शिरेबाहेर गेलं तर मांस जाळतं, म्हणून. आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो, त्या दिवशी लघवी लाल होते. मुंबईत पहिल्या वेळी आम्हाला सांगितलं गेलं असेल, पण त्या गर्दीत कानावरून गेलं. आई रक्त जातंय समजून न्हाणीत भिंत धरून बसून राहिली होती. इथं सिस्टरांनी तिला समोर बसवून, तिच्या भाषेत, दोनदा सांगितलं आणि उलट विचारूनही घेतलं, "आता तुम्ही मला सांगा, लाल झाली तर काय करायचं?" आई म्हणाली, "काई नाई, पाणी प्यायचं."

पुढच्या बारा फेऱ्या दर आठवड्याला, पॅक्लिटॅक्सेलच्या. ही औषधं त्या मानानं सोसतात. आधी ॲलर्जी होऊ नये म्हणून इंजेक्शनं देतात, त्यानं पेशंटला गाढ झोप लागते. आई दर गुरुवारी त्या खाटेवर घोरायची. वर्षानुवर्षांत दिवसा झोपलेली मी तिला तिथंच पाहिली. पण सहाव्या-सातव्या फेरीपासून बोटांच्या टोकांना मुंग्या यायला लागल्या, मग टोकं बधिर. एके दिवशी भाकरी थापताना पीठ तिच्या हाताला कळेना. परातीत भाकरी एका बाजूनं जाड, एका बाजूनं फाटलेली. तव्यावर पाणी फिरवताना बोट पोळलं तेही फोड आल्यावर समजलं. ती काही बोलली नाही, परात बायकोकडं सरकवली आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसली. पुढच्या गुरुवारी मी सिस्टरांना सांगितलं, त्यांनी डॉक्टरांना फोन लावला, प्रमाण थोडं कमी झालं. हे लगेच सांगायला हवं, सोसून घेऊ नये. आता बोटं पुष्कळ सुधारली आहेत, सुईत दोरा मात्र अजून नात ओवून देते.

खर्च. आमच्या गावापासून रुग्णालय ६० किलोमीटर. एस. टी.त बायकांना अर्धं तिकीट, शिवाय कॅन्सरच्या पेशंटला वेगळी सवलत आहे, तिचा कागद डे-केअरमधूनच मिळतो. चहा-नाश्ता धरून एका फेरीला मला ३०० रुपयांच्या आत भागायचं. सकाळी जायचं, दिवेलागणीला घरी. दुसरी म्हैस अजून दावणीला आहे.

आता कापलेला तारा.

चौथ्या लाल औषधानंतरचा नववा दिवस. रात्री साडेअकराला आईला हुडहुडी भरली. थर्मामीटर लावला तर १०१.४. तिच्या फाइलवर सिस्टरांनी पहिल्याच दिवशी लाल पेनानं लिहून ठेवलं होतं: ताप आला तर थांबू नका. केमोनंतर आठ-दहा दिवसांनी रक्तातल्या पांढऱ्या पेशी तळाला जातात, अंगात जंतूंशी लढायला कुणी उरत नाही, आणि तेव्हा आलेला साधा ताप माणसाला दिवसभरात संपवू शकतो. मी जीप करून आईला जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या रात्रपाळीच्या डॉक्टरनं तापाचं इंजेक्शन दिलं आणि सांगितलं, "केमोत ताप येतोच. सकाळी जिल्ह्याला न्या." मी फाइल पुढं केली, त्यांनी ती उघडली नाही.

बाहेर येऊन मी थोरल्या सिस्टरांना फोन लावला. रात्रीचे साडेबारा झाले होते. त्यांनी दुसऱ्या रिंगला उचलला. म्हणाल्या, "दादा, सकाळपर्यंत थांबायचं नाही. आत्ता निघा. इमर्जन्सीत गेल्यावर पहिलं वाक्य हेच बोला, केमो चालू आहे आणि ताप आहे. दुसरं काही सांगत बसू नका." आम्ही दोनला पोचलो. पहिलं वाक्य तेच बोललो. सिस्टरांनी आधी फोन करून ठेवला होता. रक्त तपासलं, पांढऱ्या पेशी ७००. निरोगी माणसाच्या निदान चार हजार असतात. रात्रीच अँटिबायोटिकची सलाइन लागली. पाच दिवस आई ॲडमिट होती. सहाव्या दिवशी तिनं वरण-भात मागितला.

त्या सिस्टरांनी फोन उचलला नसता तर? त्यांच्या ड्युटीत रात्री फोन उचलणं नाही. डे-केअर पाचला बंद होतं. केमो जिल्ह्याला आणली, पण केमोनंतरचा ताप तालुक्याला ओळखता आला पाहिजे, याची व्यवस्था कुणी केलेली नाही. यंत्र नको, खाटा नकोत. तालुक्याच्या प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर दोन ओळींचा कागद हवा आणि रात्री वाजेल असा एक फोन नंबर. एवढ्यावाचून माणसं जात असतील, आणि घरची मंडळी म्हणत असतील की केमो सोसली नाही.

बाकीच्या तक्रारी लहान आहेत. रक्त तपासायचं यंत्र दोनदा बंद होतं, तेव्हा बाहेरून तपासणी करून आणावी लागली. एकदा पॅक्लिटॅक्सेल आलंच नव्हतं, फेरी आठ दिवस पुढं गेली. आदल्या दिवशी फोन करून विचारा, ते खरं सांगतात. नातेवाइकांना बसायला जागा नाही, दिवसभर व्हरांड्यात उभं राहावं लागतं. आणि रेडिएशन इथं नाही. आईचं ऑपरेशन परळला झालं आणि नंतरचं रेडिएशन छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात, पंधरा दिवसांचे पंधरा शेक, शनिवार-रविवार सोडून. त्यासाठी तीन आठवडे बहिणीकडं राहिलो. ज्यांची तिथं बहीण नाही त्यांचं काय, हे मी रांगेत पाहत होतो.

रिकाम्या वेळी दुकानाच्या कॉम्प्युटरवर मी या आजाराबद्दल बरंच वाचून काढलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेचे २०२२ सालचे आकडे आहेत. जगात वर्षाला दोन कोटी नवे रुग्ण, ९७ लाख मृत्यू, आणि २०५० पर्यंत नवे रुग्ण साडेतीन कोटींच्या घरात जाणार. वाढीचा वेग सगळ्यात जास्त गरीब देशांत, जिथं डॉक्टर आणि यंत्रं सगळ्यात कमी. भारतात त्या वर्षी १४ लाखांवर नवे रुग्ण, त्यात स्तनाच्या कॅन्सरच्या एक लाख ९२ हजार बाया. मला हलवून सोडलं ते दुसऱ्याच आकड्यानं. स्तनाच्या कॅन्सरचं निदान झालेल्या १०० बायांपैकी अमेरिकेत ९० पाच वर्षांनंतर हयात असतात, भारतात ६६. औषधं तीच. मधल्या २४ जणींचं काय होतं ते मी सहा खाटांच्या त्या खोलीत पाहिलं. आईच्या शेजारच्या खाटेवर तांड्यावरची एक बाई यायची, चाळिशीची, पायात नेहमी मुलाची चप्पल. पाच फेऱ्या झाल्या आणि दिवाळीनंतर ती यायची थांबली. सिस्टरांनी फोन केला तर कळलं, ऊसतोडीची टोळी कारखान्यावर गेली, उचल आधीच घेतली होती. कोयता सोडून दर आठवड्याला केमोला यायला मुकादम कुठून सोडणार? सिस्टरांनी तिची फाइल कपाटाच्या वरच्या खणात ठेवली. आखाजीला गेलो तेव्हाही ती तिथंच होती.

आणि उशीर. आईच्या सात महिन्यांची गोष्ट मी सांगितली, पण त्यातली एक गोष्ट मला नंतर कळली. ३० वर्षांपुढच्या प्रत्येकाची तोंडाची, बायांची स्तनाची आणि गर्भाशयाच्या मुखाची तपासणी गावपातळीवर व्हावी असा सरकारी कार्यक्रम आहे. आमच्याकडंही झाला. दारात टेबल टाकून बीपी, शुगर तपासली आणि फॉर्मवरचा पुढचा प्रश्न मोठ्यानं विचारला, "अंगावर कुठं गाठ-बिठ?" दारात सासरा, दीर, शेजारी उभे. आईनं "नाई" सांगितलं. गाठ तेव्हा होती. फॉर्मवर फुली पडली आणि माझ्याच दुकानातून ते फॉर्म ऑनलाइन भरले गेले. त्या यादीत आईचं नाव मीच टाइप केलंय.

हे वेगळ्या प्रकारे होऊ शकतं, हे आपल्याच राज्यात सिद्ध झालेलं आहे. टाटाच्या डॉक्टरांनी १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांत दीड लाखावर बायांचा अभ्यास केला. निम्म्या बायांच्या वस्तीत प्रशिक्षण दिलेल्या साध्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हातानं स्तन तपासायच्या. मशीन नाही, फोटो नाही. वीस वर्षांनंतरचा निकाल २०२१ मध्ये छापून आला. पन्नाशीपुढच्या बायांत स्तनाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्के कमी. आई पन्नाशीपुढचीच आहे.

माझी मावशी तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात दिलेली. तिला आठवतं, पंचवीस-एक वर्षांपूर्वी गावात जीप यायची, बाया तपासायला. ती आणि तिच्या दोन जावा गेल्या होत्या. तो टाटा, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संस्था यांनी मिळून १९९९ साली सुरू केलेला अभ्यास होता. एक लाख ३१ हजार ७४६ बाया, सगळ्या आपल्या खेड्यांतल्या. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरसाठी एकदा, आयुष्यात एकदाच, हा कॅन्सर ज्यानं होतो त्या एचपीव्ही विषाणूची चाचणी केली तर त्या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास निम्मे होतात, हे त्यातून दिसलं आणि २००९ मध्ये ते जगभर पोचलं. मावशीच्या पिढीनं लाज बाजूला ठेवून ती तपासणी करून दिली. तिच्या सुनांची ही चाचणी आजवर झालेली नाही. मी विचारलं तेव्हा दोघींनी असलं काही असतं हेच पहिल्यांदा ऐकलं.

आता आमच्या आशाताईंना मी आणि आई दोघांनी मिळून गळ घातली आहे की विचारायचं ते आत, खोलीत, दार लावून. मागच्या महिन्यात आमच्याच घरी त्या बसल्या, आई शेजारी बसली, एकेक बाई आत. पुरुष सगळे ओट्यावर. एकवीस जणी आल्या. दोघींना सिस्टरांकडं पाठवलं, एकीची गाठ साधी निघाली, दुसरीचा अहवाल यायचा आहे.

जाणार असाल तर बरोबर हे न्या. रेशन कार्ड, पेशंटचं आधार, महात्मा फुले योजनेचं किंवा आयुष्मानचं कार्ड. केशरी कार्डवाल्यांनी रेशन कार्डावरचं पेशंटचं नाव आधारशी जुळतंय का ते आधी बघा. आईचं नाव एकीकडं माहेरचं आणि एकीकडं सासरचं होतं, त्यात चार दिवस गेले, आणि हे काम करणारा मी घरात असून गेले. योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत मोफत उपचार मिळतात. ऑपरेशन आणि रेडिएशनला ते लागेल, रुग्णालयात योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राकडं फॉर्म आधी द्या. सुईच्या तपासणीचा अहवाल आणि मोठ्या डॉक्टरांचा आराखडा यांच्या तीन-तीन झेरॉक्स काढा, मूळ कागद कुणालाही देऊ नका. माझ्या दुकानात आलात तर झेरॉक्सचे पैसे घेत नाही. थर्मामीटर घ्या, साठ-सत्तर रुपयांना मिळतो. घरी लिहिता-वाचता येणाऱ्या एकाला तरी तो बघायला शिकवा.

रक्त आदल्या दिवशी तपासून घ्या, म्हणजे सकाळी लवकर नंबर लागतो. सातची गाडी पकडा, साडेनऊनंतर पोचलात तर खाट दुपारी मिळते. घरून काहीतरी खाऊन निघा, उपाशी नेऊ नका. उलटीसाठी दोन पिशव्या आणि एक लिंबू जवळ ठेवा. आणि परतताना चारच्या गाडीत आमच्या रस्त्याला ड्रायव्हरच्या बाजूनं ऊन येतं, तेव्हा पेशंटला डावीकडं, पुढच्या तीन बाकांत बसवा. मागं हादरे फार बसतात.